बार डावीकडं खाली का जातो?

प्रश्न : मी मिनेसोटात राहतो. शिकारीचा सेफ्टी कोर्स झालाय. नोव्हेंबरच्या हंगामात शेजाऱ्यांबरोबर हरणाला जायचंय. रायफल .308. टेबलावर टेकवून 100 यार्डांवर गोळ्या तळहातात मावतील एवढ्यात पडतात. उभ्यानं मारलं की डावीकडं खाली. स्कोप बदलू का?

उत्तर : स्कोपला हात लावू नका. टेबलावरून गोळ्या एका जागी पडतायत, मग त्या बिचाऱ्याचा काय दोष? तुम्ही दणक्याला बिचकताय. बार उडायच्या आधीच खांदा पुढं येतो आणि बोट चापाला हिसका देतं.

पटत नसेल तर रेंजवर रायफल मित्राला भरायला सांगा. मधूनच त्यानं डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस घालायचं, तुम्ही बघायचं नाही. डमीवर नळीनं मुंडी खाली घातली की चोर सापडला. आमच्या कोल्हापुरातल्या पोरांच्या एअर रायफलला दणका नावालाही नसतो, तरी तीही हेच करतात!

आता घरी सराव. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत. डमी घाला, अर्धा श्वास सोडून थांबा. बोटाच्या पहिल्या पेरानं चाप सरळ मागं दाबत जा. घोडा कधी पडेल हे तुमचं तुम्हालाही कळता कामा नये. पडला त्या क्षणी क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) कुठं होता, हे मात्र सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर डोळा मिटला होता. मग काही दिवस कमी दणक्याच्या .22 रायफलवर काढा.

आणि उभ्यानंच मारायचा हट्ट कशाला? खाली बसा. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर नको, घसरतं. दंडाचा मागचा भाग गुडघ्याला लावा. नेम धरून डोळे मिटा, श्वास घ्या, उघडा. क्रॉसहेअर सरकला असेल तर हातानं ओढू नका, बूड हलवा. झाडाचा आधार मिळाला तर उत्तमच, पण टेकवायचा तो लाकडी दस्ता, नळी नव्हे.

हरणावर मी स्वतः कधी बार टाकलेला नाही. आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकारच बंद. तिकडचे जाणते सांगतात ते असं : जनावर आडवं उभं असू द्या, पुढच्या पायामागून वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम. तोंड तुमच्याकडं असेल तर थांबा. बसून ज्या अंतरावर प्रत्येक गोळी ताटलीएवढ्या कागदात जाते, तेवढंच तुमचं अंतर. शेजारी 200 यार्डांवरून मारतो, तर मारू दे.

टोपी-जाकीट भडक नारिंगी घ्या. तुमच्या राज्यात भडक गुलाबीही चालतं म्हणे.