एकाच नावाची इतकी प्रसिद्ध माणसं इतिहासात का सापडतात? वाचताना गोंधळ कसा टाळायचा?

का सापडतात ते दोन ओळींत सांगून होतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडची रीत, आणि राजघराण्यात गादीसोबत नावही मिळायचं. गोंधळ कसा टाळायचा हा प्रश्न मात्र चुकीच्या माणसाला विचारला तुम्ही, कारण त्यापायी आमच्या दुकानात दोन भावांचं अजून धड बोलणं नाही. पण आता वाचलाच आहे, तर ऐका.

नागपुरात महालात आमचं फ्लेक्सचं दुकान. मी आणि माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा. मशीन तो सांभाळतो, डिझाइन मी करतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजारांत मिळवली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, आणि ज्यांनी जन्मात कधी भोसल्यांचं नाव काढलं नव्हतं त्यांनाही इकडे भरतं आलं. एका मंडळाची ऑर्डर आली, वीस बाय दहा. मधे महाराज, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. चेहरे सगळे नीट कापून, नाव-पदासकट आले होते. महाराजांचा मजकूर असा:

‘बंगालपर्यंत भगवा नेणारे, सीताबर्डीच्या किल्ल्यावर इंग्रजांशी झुंजणारे श्रीमंत राजे रघुजी भोसले (१७५५–१८५३)’

आणि सोबत फोटो कुणाचा? राघोजी भांगऱ्यांचा! अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले, सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठलेले आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले भांगरे. मोठा माणूस, पण त्याचा नागपूरच्या गादीशी काय संबंध? तलवारीवर ‘रघोजी’ लिहिलंय असं कुणीतरी वाचलं, मोबाइलवर शोधलं, पहिला फेटा दिसला तो पाठवला.

मी त्या पोराला फोन लावला. म्हटलं, भाऊ, फोटो दुसऱ्याचा आहे, आणि खाली एका नावात तीन माणसं भरली आहेत तुम्ही.

“तीन असो का तेरा, तुम्ही छापा ना भाऊ. संध्याकाळी लावायचाय.”

आता तीन म्हणजे कोण, ते सांगतो. पहिले रघुजी, किताब सेनासाहेबसुभा. गोंड राजाच्या घरात वारसाचं भांडण लागलं, विधवा राणी रतनकुंवरनं मदतीला बोलावलं, ते आले आणि इथलेच झाले. बंगालवरच्या स्वाऱ्या यांच्या. यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं १७४४ मध्ये बोलणीसाठी बोलावून दग्यानं मारलं. १७५१ च्या तहात ओरिसा हाती आला आणि बंगालची वर्षाला १२ लाख चौथ ठरली. वारले १७५५ मध्ये.

दुसरे रघुजी त्यांचे नातू. हे अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीकडून हरले, दोन-अडीच आठवड्यांत गाविलगडही गेला, आणि लगेच देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडावं लागलं. (हे देवगाव वऱ्हाडातलं, भांगऱ्यांचं नव्हे. गावांनाही हाच रोग आहे.) १८१६ मध्ये वारले. नागपुरात पोळ्याला पुतळ्याची मिरवणूक निघते त्या मारबतीशी लोक जिचं नाव जोडतात ती बाकाबाई यांची राणी.

तिसरे रघुजी म्हणजे दुसऱ्यांच्या मुलीचा मुलगा, मूळ नाव बाजीबा. १८१८ मध्ये गादीवर बसवलं तेव्हा लहान पोर होतं, आणि नाव दिलं रघुजी. कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्सच्या हातात. हे ११ डिसेंबर १८५३ रोजी पोटी मुलगा नसताना वारले आणि डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं.

म्हणजे मंडळानं कंसात लिहिलं होतं पहिल्याचं मरण ते तिसऱ्याचं मरण. ९८ वर्षांचं हे आयुष्य कोणी जगलंच नाही!

आणि सीताबर्डी? १८१७ च्या नोव्हेंबरात तिथे जी लढाई झाली ती आप्पासाहेबांच्या, म्हणजे मुधोजींच्या काळात. मुधोजीही दोन आहेत बरं, आप्पासाहेब दुसरे. रघुजी एकही नव्हता तिथे. किल्लाही नव्हता, नुसती टेकडी होती. किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला.

हे सगळं मी चलनाच्या मागच्या बाजूला लिहून दादासमोर ठेवलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, “काऊन बे, नाव एकच आहे ना? मग एकच माणूस समज. गिऱ्हाइकानं दिलं ते छापायचं, आपण काय मास्तर आहो?”

मी फाइल दिली नाही. म्हटलं, निदान फोटो तरी बदलू दे आणि साल काढू दे. तो म्हणाला ॲडव्हान्स घेतलाय. मी घरी निघून आलो. त्यानं मंडळाच्या पोराकडूनच दुसरी फाइल मागवली, रात्री छापली, आयलेट मारले आणि सकाळी फ्लेक्स चौकात. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद: लागला ना? कोणी काही बोललं का?

नाही बोललं कोणी, मान्य. पण त्यानं दादा खरा ठरत नाही. आपल्याला एकच रघुजी हवा असतो, जिंकणारा. वऱ्हाड गमावणारा दुसरा आणि रेसिडेंटच्या नजरेखाली वाढलेला तिसरा, दोघांनाही पहिल्याच्या अंगरख्यात कोंबून टाकलं की हार कुठे दिसतच नाही. माझ्या मते नावांचा निम्मा गोंधळ अज्ञानाचा नसतो, सोयीचा असतो. बंगालमध्ये अजून बर्गी, म्हणजे मराठा घोडेस्वार, येतील म्हणून पोरं झोपवतात, त्यांना विचारा पहिले रघुजी कोण ते.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. जन्मसालाच्या मागे लागू नका, त्यात वाद फार. माणूस कधी वारला ते आधी पाठ करा. थोरले बाजीराव १७४०, दुसरे बाजीराव १८५१. थोरले माधवराव १७७२, सवाई माधवराव १७९५. पानिपतानंतर खचून १७६१ मध्ये गेलेले नानासाहेब पेशवे वेगळे आणि १८५७ चे नानासाहेब वेगळे. ते दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. साताऱ्याचे शाहू १७४९ मध्ये गेले, कोल्हापूरचे राजर्षी १९२२ मध्ये. हे एवढं डोक्यात बसलं तरी बरंच निभावतं.

दुसरं, दत्तक कोण ते पाहा. राजर्षी शाहू मूळचे कागलचे यशवंतराव घाटगे, १८८४ मध्ये दत्तक गेले आणि शाहू झाले. बडोद्याचे सयाजीराव कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक. तेही तिसरेच. तिथे नाव म्हणजे गादीवरचा हक्क सांगणं होतं. म्हणून नाव सारखं दिसलं की आधी विचारायचं, ते बारशाचं की गादीचं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हे पहिले, दुसरे, तिसरे आपण मागाहून लावलेले आकडे आहेत. जुन्या कागदात नुसतं रघुजी, कधी रघोजी असतं, तेव्हा कागदाची तारीख पाहिल्याशिवाय काही ठरत नाही. किताबावरही भरवसा नको. तलवारीवर सेनासाहेबसुभा कोरलंय आणि जाणकार ती पहिल्या रघुजींची मानतात, पण हा किताब पुढच्या पिढ्यांतही चालत राहिला. शिवाय मी इतिहासाचा पदवीधर नाही, फ्लेक्सवाला आहे. आमच्या महालात माझ्याहून जास्त माहिती असणारे म्हातारे अजून आहेत, त्यांनी चुका काढल्या तर त्यांचं ऐका.

नागपूरकर असाल तर एक करून पाहा. रघुजीनगरात राहणाऱ्या कोणालाही विचारा, तुमचा रघुजी कितवा. मी विचारलंय. एकानं पत्ता सांगितला.

दादा हे वाचणार, कारण इथली उत्तरं तो दुपारी गल्ल्यावर बसून वाचतो. तर दादा, यापुढे कुठल्याही महापुरुषाचा फ्लेक्स असेल, तर प्रूफवर मृत्यूचं साल आणि गिऱ्हाइकाची सही असल्याशिवाय फाइल मशीनला जाणार नाही. ॲडव्हान्स परत करावा लागला तर माझ्या हिश्शातून कर.