छोट्या सेडान (मागे वेगळी डिकी असलेल्या गाड्या) मागून चेपल्यासारख्या का दिसतात? आणि रिव्ह्यूवाले त्यावर बोलत का नाहीत?

डिझायनरला नावं ठेवू नका, कात्री सरकारी आहे. 2006च्या बजेटमध्ये 4 मीटरच्या आत बसणाऱ्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. मग काय, टाटांनी 2008मध्ये इंडिगोची शेपटी छाटून ‘इंडिगो सीएस’ (कॉम्पॅक्ट सेडान) आणली. मारुतीची पहिली डिझायर 4160 मिमी होती, 2012ची थेट 3995! कापलं ते सगळं डिकीतून. म्हणून मागचं दार संपतं न संपतं तोच गाडी संपते. बाहेर डिकी नसलेल्या हॅचबॅकला मागून गाठोडं बांधल्यासारखं. आता जीएसटीतही तीच रेघ आहे: आत 18, बाहेर 40 टक्के. कंपन्या कशाला सोडतील?

तरी आपल्याकडे डिकी म्हणजे प्रतिष्ठा, त्यामुळे खप झालाच.

रिव्ह्यूवाल्यांचं म्हणाल तर पाकीट वगैरे दरवेळी नसतं. गाडी कंपनीची, हॉटेल कंपनीचं, वर पुढच्या लाँचचं आमंत्रणही हवं. मग ‘कुरूप’ऐवजी ‘डिझाइन व्यक्तिसापेक्ष आहे’ असं येतं. हे वाक्य ऐकलं की मी समजून जातो. शोरूममध्ये जाऊन गाडी एकदा बाजूने बघा, समोरून नको.