मरीनाचा कामगार पुतळा बघायचाय? मग उन्हाच्या आधी पोचा

भाऊ, तुम्ही विचारलंय की नवजीवन एक्सप्रेसने जळगावहून चेन्नईला चाललोय, एक सकाळ मोकळी आहे, तर मरीना बीचवरचा तो दगड हलवणाऱ्या चार माणसांचा पुतळा बघण्यासारखा आहे की नुसता सेल्फी पॉइंट. मी दोनदा जाऊन आलोय. बघाच, पण सकाळी बघा.

पहिल्यांदा मी मे महिन्यात गेलो, तेही बारा वाजता. म्हटलं आपण भुसावळचे, पंचेचाळीस डिग्रीत वाढलेलो, आपल्याला उन्हाचं काय. पण भो, आपलं ऊन कोरडं, तिथलं चिकट, दहा मिनिटांत शर्ट अंगाला चिकटला. त्यात रिक्षावाल्याला मी नुसतं 'बीच, पुतळा' म्हणालो तर त्याने गांधीजींच्या पुतळ्यापाशी उतरवलं, तिथून दोनेक किलोमीटर उत्तरेला पायी, बायको पूर्ण रस्ता एक शब्द बोलली नाही. तेव्हा 'लेबर स्टॅच्यू' म्हणा नाहीतर त्यांच्या भाषेत 'उळैप्पाळर सिलै'. युनिव्हर्सिटीच्या समोर, अण्णा चौकाजवळ, बीचच्या उत्तर टोकाला आहे. लोकलने जायचं तर सेंट्रलसमोरच्या पार्क टाउनहून चेपॉक दुसरं स्टेशन, पुढे चालत.

गंमत म्हणजे तो गांधीजींचा पुतळाही त्याच माणसाचा, देवीप्रसाद रॉय चौधरी. बंगाली, पण मद्रासच्या सरकारी आर्ट स्कूलचे प्रिन्सिपल होते १९५७ पर्यंत. नोटबंदीच्या आधीची पाचशेची नोट आठवते ना, मागच्या बाजूला गांधीजी पुढे आणि माणसं मागे चाललीत, ते दिल्लीतलं शिल्पही त्यांचंच. म्हणजे त्यांचं काम आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरवलंय, नाव माहीत नव्हतं एवढंच.

कामगार पुतळा ब्राँझचा, १९५९ च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी बसवलेला. जागा तिथलीच का, तर मद्रासच्या बीचवर १९२३ साली कामगार पुढारी सिंगारवेलर यांनी देशातला पहिला मे डे, म्हणजे कामगार दिन, साजरा केला. आपल्याला एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि शाळेचा निकाल, तिकडे ही आठवण आहे.

आता बघायचं कसं. समुद्र पूर्वेला, आपल्या कोकणाच्या उलट, त्यामुळे सूर्य समुद्रातून वर येतो. उजाडताना रस्त्याच्या बाजूला उभे राहिलात तर चार माणसं नुसती काळी दिसतात, मागे आभाळ लाल. मग फिरून वाळूच्या बाजूला जा, ऊन पाठीमागून येतं आणि तेव्हा खरं काम दिसतं. पोटऱ्या बघा, ताणलेल्या पाठी बघा. आमच्या शेतात विहीर खोदताना काळा पाषाण लागला होता, खाली पहार घालून चार गडी असेच रेटत होते, तोंडातून आवाज नाही, फक्त मानेच्या शिरा. तो दगड हलायच्या आधीचा जो क्षण असतो ना, जिथे काहीच होत नसतं आणि सगळा जोर लागलेला असतो, तो त्या माणसाने पकडलाय. अंगावर कपडा जेमतेम, अन् चेहरे काही हिरोचे नाहीत, मला तेच आवडलं.

फोटो काढायचाच तर थोडं लांबून काढा, जवळून दगड येतो आणि माणसं कटतात. पाण्यात मात्र उतरू नका, तिथे खालून ओढ फार आहे, पोहायला बंदीच आहे.

आणि संध्याकाळी परत फिरकलात तर सुंडल खा, वाटाण्याचं, वर खोबरं आणि कैरी. मिरची भजीही मिळते. त्यांची मिरची जाडी असते, तिखट म्हणाल तर आपल्या मानाने काहीच नाही, शेवभाजी खाणाऱ्याला ती पोरासोरांची वाटेल. डब्यात ठेचा असेल तर बाहेर काढा.