गोळीचा परिणाम कुत्र्याला ओळखता येतो का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला तुमच्या कुत्र्याला झटक्यांसाठी दिवसातून दोनदा फेनोबार्बिटोन चालू आहे, आणि बांगड्याच्या तुकड्यातून गोळी दिली की पाचेक मिनिटांत तो पडवीत जाऊन आडवा होतो. हा औषधाचा परिणाम नव्हे. पोटातून दिलेलं फेनोबार्बिटोन कुत्र्याच्या रक्तात पुरतं चढायला काही तास जातात. त्याने ओळखलाय तो बांगड्याचा वास, गोळीचा कडूपणा आणि तुमची ठरलेली वेळ.

आतला परिणाम जनावराला ओळखता येतो, हे मात्र खरं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ओव्हर्टन यांनी 1964 साली पेंटोबार्बिटलवर (फेनोबार्बिटोनच्याच कुळातलं, गुंगी आणणारं औषध) उंदरांमध्ये ते दाखवलं. हल्ली पिंजऱ्यात दोन दांड्या ठेवतात. खाणं मोजून देऊन उंदराचं वजन नेहमीच्या 80 ते 85 टक्क्यांवर आणतात. डायझेपाम हे शांत करणारं औषध टोचलं त्या दिवशी डावी दांडी 10 वेळा दाबली की खाऊ, नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) टोचलं त्या दिवशी उजवी. सुई दोन्ही दिवशी टोचायचीच, नाहीतर सुईच खूण होऊन बसते. पहिला खाऊ मिळण्याआधीच 80 टक्के दाब बरोबर दांडीवर पडले, आणि असं 10 पैकी 8 दिवस झालं, की शिकला म्हणायचं.

फसतं ते बारीक गोष्टींत. आधीच्या उंदराचा वास दांडीवर राहिला तर पुढचा त्यावरूनच निवडतो, म्हणून दांड्या पुसायच्या. दिवस एकाआड एक ठेवले तर तो क्रमच पाठ करतो. डोस जास्त झाला तर गुंगीत एकही दांडी दाबत नाही. शिकलेल्या उंदराला फ्लुमाझेनिल हा डायझेपामचा उतारा दिला की डायझेपामची ओळख पुसते. बार्बिट्युरेटची, म्हणजे पेंटोबार्बिटल-फेनोबार्बिटोनच्या कुळातल्या औषधांची, पुसत नाही, कारण ती मेंदूत वेगळ्या जागी चिकटतात.

म्हणजे शिकायला दोन गोष्टी हव्यात: औषधाचे आणि बिनऔषधाचे दिवस यांतला फरक, आणि त्या फरकावर अवलंबून असलेलं खाणं. तुमच्या कुत्र्याकडे दोन्ही नाहीत. साधारण दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी स्थिरावते. सुरुवातीला पाय लटपटणं, भूक-तहान वाढणं त्याला जाणवलं असणार, पण ताडून बघायला बिनऔषधाचा दिवस येतच नाही.

तो दिवस मुद्दाम आणू नका, हे कळकळीने सांगतो. डोस चुकला तर एकामागून एक झटके येऊ शकतात. गोळीसाठी ताजा बांगडा चालेल. सोबत पोटॅशियम ब्रोमाइड हे झटक्यांचं दुसरं औषधही असेल तर खारा बांगडा बंद ठेवा: मीठ वाढलं की मूत्रपिंडं ब्रोमाइड जास्त बाहेर टाकतात आणि औषध कमी पडतं.