डिसेंबरमध्ये केदारकंठाला जाताना थर्मल कोणतं घ्यावं आणि अंगावर किती कपडे चढवावेत?

तुम्ही लिहिलंय की सह्याद्रीत वीसेक ट्रेक झालेत, बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातला केदारकंठा ठरलाय आणि बजेट बेताचं आहे. थर्मल कोणत्या कापडाचं घ्यावं, किती जोड घ्यावेत, आणि दोन थर्मल एकावर एक घातले तर जाड जॅकेटचा खर्च वाचेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण हाच हिशोब मीही केला होता. नाही वाचत.

माझा हिमालयातला पहिला ट्रेक केदारकंठाच. शिखराच्या दिवशी रात्री अडीचला उठवतात, तीनच्या सुमारास चालायला लागतात. तंबूबाहेर डोकं काढलं आणि थंडीने अशी काही थोबाडीत दिली की जवळ होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवलं. आत सुती स्लिप, त्यावर दोन थर्मल, त्यावर स्वेटर, वर भाड्याने घेतलेलं पिसांचं जॅकेट. गाइड म्हणाला, "दीदी, जॅकेट उतार दो, चलते टाइम थोड़ा ठंडा लगना चाहिए." मी मनात म्हटलं, तुझं काय जातंय, तू इथलाच. अर्ध्या तासात पाठीवरून घामाचे ओघळ. थांबून कपडे काढायचा कंटाळा, आणि रांगेत मागे पडायची लाज. वर धारेवर पोचलो तेव्हा सूर्य उगवायला वेळ होता आणि वारा सुटला होता. तिथे थांबलो त्या वीस मिनिटांत ओल्या कपड्यांनी मला जे गारठवलं, तसं तंबूतल्या थंडीनेही नव्हतं गारठवलं. बुटाची लेस सुटली होती, ती बांधता येईना. बोटं ऐकेनातच. शेवटी गाइडने लेस बांधली, आपल्या सॅकमधला कोरडा फ्लीस (मऊ, हलक्या सिंथेटिक कापडाचं जॅकेट) काढून दिला, आणि "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हिमालयात आपल्यासारख्यांना थंडी बाधते ती घामामुळे. कपडे कमी पडतात म्हणून गारठणारे थोडे, जास्त घालून भिजतात म्हणून गारठणारे जास्त. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. ऊब कपड्यात नसतेच, ती कपड्याने अडवून धरलेल्या हवेत असते. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की जॅकेट कितीही महागाचं असो, संपलं. गोधडी उबदार का असते? थरांत कोंडलेल्या हवेमुळे. तीच गोधडी ओली करून अंगावर घेऊन बघा.

थंडीचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देते. ट्रेकच्या पायथ्याचं सांकरी गावच साधारण १,९५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून (१,६४६ मीटर) ३०० मीटर उंच. केदारकंठाचा माथा १२,५०० फूट, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर. दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं, तेव्हा सांकरीत जेवढं असेल त्यात १२ वजा करा. वरच्या कॅम्पवर त्या दिवसांत रात्री उणे ५ ते उणे १० धरून चाला. शिवाय वारा. उणे ५ असताना ताशी ३० किलोमीटरने वारा वाहत असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. आपल्याकडे निफाडचा पारा ५ वर आला तरी पेपरात ठळक बातमी होते! आणि याच ट्रेकवर दुपारच्या उन्हात जंगलातून चढताना तुम्ही एका टी-शर्टवर असाल. एका दिवसात इतका फरक, त्यामुळे एकच जाडजूड कपडा कधीच पुरा पडत नाही.

आता थर्मल. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. बाजारात आतून मऊ, केसाळ, हाताला गुबगुबीत लागणारे थर्मल मिळतात, त्यातल्या पुष्कळांत निम्म्याहून जास्त कापूस असतो. पुण्या-नाशकात घरी बसायला किंवा सकाळी दूध आणायला जायला उत्तम. चढायला मात्र नको, कारण कापूस घाम पितो आणि सोडत नाही. तुम्हाला हवं आहे ते पॉलिएस्टरचं, थोडं स्पँडेक्स (ताणलं जाणारा धागा) मिसळलेलं, पातळ, अंगाला लागून बसणारं थर्मल. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळपास शोषतच नाही, घाम बाहेरच्या बाजूला पसरवतो आणि तिथून तो उडून जातो. हे दिसायला इतकं किरकोळ असतं की दुकानात "याने काय होणार?" असं वाटतं. वाटू द्या.

दुसरा पर्याय मेरिनो लोकरीचा. ही आपल्या घोंगडीसारखी टोचत नाही, धागा फार बारीक असतो. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा धाग्याच्या आत घेते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि तीन दिवस घातली तरी वास मारत नाही. पॉलिएस्टर दुसऱ्याच दिवशी वास मारतं, हे आधीच सांगते. पण मेरिनो कितीतरी महाग. तुमचं बजेट बेताचं आहे तर पैसे तिथे घालू नका; फार तर लोकरीच्या मोज्यांचा एक चांगला जोड घ्या.

आणि थर्मलच्या आत सुती बनियन घालू नका. हे आपल्याकडे कुणीच सांगत नाही, कारण बनियन न घालता काही घालायचं ही कल्पनाच आपल्याला पटत नाही. पण कातडीला चिकटलेला पहिला कपडाच सुती असेल तर वरच्या थर्मलला घामाशी गाठच पडत नाही. मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही हेच: सुती ब्रेसियर छातीशी ओली राहते आणि वाळता वाळत नाही. व्यायामाच्या वेळी घालतात तशी सिंथेटिक घ्या.

माप घट्ट हवं, पण मनगटाशी वळ उठणार नाही इतपतच. दुकानात दोन्ही हात वर करून बघा. कमरेवरून सरकून पोट उघडं पडत असेल तर लांबी कमी आहे. सॅकच्या पट्ट्यामुळे ते आणखी वर जातं आणि नेमका तिथेच वारा शिरतो.

दोन जोड पुरेत. एक चालायचा, एक फक्त झोपायचा. झोपायचा जोड कितीही मोह झाला तरी तंबूबाहेर घालून फिरायचा नाही. तो कोरडा राहणं हाच तुमचा विमा. पायांना चालताना बहुतेक वेळ थर्मलची गरजच नसते, मांड्यांचे स्नायू राबत असतात, तेच भट्टी. दिवसा नुसती ट्रेकपँट, शिखराच्या रात्री तिच्या आत थर्मल, एवढं बास. जीन्स घरी ठेवा, सांकरीपर्यंतच्या गाडीप्रवासाला हवी तर घाला.

थर्मलवर फ्लीस, साधी, पातळ, शक्यतो गळ्यापर्यंत चेन असलेली. चेन महत्त्वाची, कारण चढताना गरम झालं की न थांबता अर्धी उघडता येते. आईने विणलेला स्वेटर चालेल का? खऱ्या लोकरीचा असेल तर झकास चालेल, फक्त जड होतो. लोकर की ॲक्रिलिक हे कळत नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखा वास मारते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक गुठळी होते. (धागा काढून, बरं का. माझ्या मावसभावाने थेट बाहीला काडी लावली होती.)

पिसांचं, म्हणजे डाउन जॅकेट विकत घेऊ नका. ट्रेक नेणाऱ्या संस्थांकडे आणि सांकरीतल्या दुकानांत भाड्याने मिळतं. घेताना आतून हुंगून बघा, चेन दोन-तीनदा वरखाली करा, आणि मुठीत दाबून सोडा. भरभर फुगून आलं नाही तर दुसरं मागा. हे जॅकेट चालायचं नव्हे, थांबायचं. सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. पाणी प्यायला पाच मिनिटं थांबलात की थंडी वाजायची वाट न बघता लगेच अंगावर घ्या, आणि निघताना निर्दयपणे काढा. पहिली दहा मिनिटं शिव्या द्याल, मग बरं वाटेल. पिसं भिजली की चोथा होतो, म्हणून बर्फ पडत असेल तर त्यावर बाहेरचं कवच हवंच.

ते कवच तुमच्याकडे आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात वापरता ते चांगलं रेनजॅकेट, बहुधा तेच चालेल, फक्त फ्लीस आणि डाउन दोन्ही आत मावतात का हे घरीच घालून बघा. प्लॅस्टिकचा पोंचो नको. त्यात आतली वाफ कोंडून आतूनच पाऊस पडतो.

डोक्यातून निम्मी उष्णता निघून जाते असं ऐकलं असेल. ते खरं नाही, डोक्याचा वाटा त्याच्या आकाराइतकाच. तरी कानटोपी हा माझा सगळ्यात लाडका कपडा, कारण सॅक न उतरवता काढता-घालता येतो. घाम फुटतोय असं वाटलं की आधी टोपी खिशात. गळ्याला मफलरऐवजी बफ, म्हणजे डोक्यातून गळ्यात घालायची कापडी नळी, घ्या, मफलरची टोकं सतत कुठेतरी अडकतात.

हातमोजे दोन: आत पातळ, वर जाड. वरचे चारही बोटं एकत्र राहणारे मिळाले तर बोटं एकमेकांना ऊब देतात. मोज्यांच्या बाबतीत मात्र "दोन असले की बरं" हा हिशोब उलटतो. बुटात दोन जाड मोजे कोंबले की पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. बूट घ्यायला जाताना ट्रेकचा जाड मोजा घेऊनच जा आणि बोटं आत हलतात का बघा.

रात्री स्लीपिंग बॅगमध्ये सगळे कपडे घालून घुसायची चूक पहिल्या रात्री प्रत्येक जण करतो. कोरडा थर्मल, कोरडे मोजे, कानटोपी, फार तर फ्लीस. डाउन जॅकेट वरून पांघरा. आत जास्त कोंबलंत तर बॅगच दाबली जाते आणि तिचा फुगवटा, म्हणजे तिची ऊब, कमी होते. सकाळी घालायचे कपडे, मोबाइल आणि पॉवर बँक मात्र आत घ्या. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. जेवणानंतर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. आणि रात्री लघवीला लागली तर उठा. थंडीच्या भीतीने दाबून पडलात तर झोपही येत नाही आणि ऊबही. म्हणूनच थर्मलचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा असावा, अखंड सूट नको. मायनसमध्ये एका हातात टॉर्च धरून तो सूट उतरवणं काय असतं हे मला विचारू नका.

कुणी "एक पेग मार, ऊब येईल" म्हटलं तर नको म्हणा. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर पडत असते. तुमच्यापैकी कुणी कुडकुडत असेल, बोलताना अडखळत असेल, साधी चेन लावता येत नसेल, तर फोटो राहू द्या आणि लगेच गाइडला सांगा. ओले कपडे बदलायचे, कोरडे घालायचे, खाली उतरायचं.

खरेदी झाली की निघायच्या आधी एका रविवारी पहाटे चारला कळसूबाई किंवा जवळचा कुठलाही गड हेच सगळं घालून चढून बघा. नोव्हेंबरअखेर पहाटेचा गारवा पुरेसा असतो. घाम कधी फुटतो, कोणती चेन हातमोजे घालून उघडत नाही, सॅकचा पट्टा कुठे काचतो, हे तिथेच कळेल. माथ्यावर पोचल्यावर थर्मलच्या आत पाठीला हात लावून बघा. ओली लागली तर केदारकंठाला निघताना एक कपडा कमी घाला.