छातीतली धडधड आणि चहा-कॉफीचा हिशेब

"मॅडम, मला ॲन्ग्झायटी झालीय का? छातीत धडधडतं, हात थरथरतात. रात्री एकला दिवा मालवला तरी तीनपर्यंत झोप नाही. वाचलेलं काही डोक्यात राहत नाही."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेला, पुण्यात राज्यसेवेची तयारी करणारा तेवीस वर्षांचा मुलगा हे विचारत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून येणाऱ्या मुलामुलींची ही नेहमीची तक्रार. आपलं मनच कमकुवत आहे, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. धडधड रक्त कमी असल्याने किंवा थायरॉईडमुळेही होते, आणि मेसच्या जेवणावर वर्षं काढणाऱ्यांत पहिली शक्यता तर नक्कीच तपासायला हवी. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं ठीक निघालं. मग तीन दिवसांची नोंद लिहून आणायला सांगितली: काय प्यायलं, किती, किती वाजता. "दिवसाला चहा किती?" असं तोंडी विचारलं की "दोन-तीन" हेच उत्तर मिळतं. टपरीवर मित्रांसोबत घेतलेलं कटिंग कुणी मोजत नाही.

नोंद अशी आली. सकाळी सहाला मोठा मग इन्स्टंट कॉफी, दोन गच्च चमचे. दिवसभरात चार कटिंग. संध्याकाळी सहाला पुन्हा तसाच मग. रात्री अकराला २५० मिलिलिटरचं एनर्जी ड्रिंक. चिकोरी नसलेल्या कॉफी पावडरच्या एका गच्च चमच्यात, म्हणजे दोन ग्रॅममध्ये, साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे दोन चमच्यांच्या मगात १२०. चार कटिंगचे मिळून शंभरच्या आसपास, एनर्जी ड्रिंकचे ७५. एकूण चारशेच्या वर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे.

पण त्याच्या बाबतीत आकड्यापेक्षा घड्याळ जास्त महत्त्वाचं होतं. दिवसभर जागं असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. शरीरातलं निम्मं कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत, मग त्या पीसीओडीसाठी (पाळी अनियमित करणाऱ्या विकारासाठी) का असेनात, हा वेळ जवळपास दुप्पट होतो. पाच तासांच्या हिशेबाने रात्री एकला त्याच्या अंगात संध्याकाळी सहाच्या मगाचे ४५ आणि एनर्जी ड्रिंकचे ५५ मिलिग्रॅम तरी शिल्लक होते. म्हणजे तो जवळपास मगभर कॉफी पिऊन अंथरुणाला पाठ टेकत होता. अभ्यासिकेतली जागा धरायला सहाला उठायचं, म्हणजे झोप जेमतेम तीन तास. वाचलेलं पक्कं होण्याचं काम बरंचसं झोपेतच होतं. स्मरणशक्तीला दोष देण्यासारखं इथे काहीच नव्हतं.

हे कळल्यावर बहुतेक मुलं एक गोष्ट करतात आणि तिथेच फसतात: उद्यापासून सगळं बंद. बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. दुसऱ्या दिवशी चिडचिड, मरगळ, पानावर लक्ष ठरत नाही. हा त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. मुलगा म्हणतो, "बघा, चहाशिवाय माझा अभ्यास होतच नाही," आणि पुन्हा सुरू करतो. काही जण डोकेदुखीची गोळी घेतात. त्यातल्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, म्हणून वेष्टनावरचे घटक वाचायचे.

म्हणून आम्ही आधी मुख्यतः वेळ बदलली. पहिल्या आठवड्यात रात्रीचं एनर्जी ड्रिंक बंद आणि संध्याकाळचा मग दुपारी दोनच्या आत. दुसऱ्या आठवड्यात दोन चमच्यांचा दीड, तिसऱ्यात एक. टपरी सोडायला सांगितलं नाही. दिवसभर मान मोडून बसणाऱ्या मुलाला माणसांशी बोलायला मिळतं ते तिथेच, ते तोडणं योग्य नाही. दुपारनंतर तिथे लिंबू सरबत किंवा ताक घ्यायचं. ग्रीन टी आणि कोला चालणार नाहीत, त्यांतही कॅफीन आहे. जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. दुपारी पेंग आली तर तीनच्या आत वीस मिनिटं डोळे मिटायचे, गजर लावून.

तिसऱ्या आठवड्यात टेस्ट सिरीजच्या आदल्या रात्री त्याने पुन्हा एनर्जी ड्रिंक घेतलं, पहाटे चारपर्यंत जागला आणि खचून आला. एका रात्रीने आधीची मेहनत वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी उठून त्याच पायरीवरून पुढे जायचं. महिन्याभरात झोप अर्ध्या तासात येऊ लागली, थरथर थांबली, धडधड क्वचित.

परीक्षेची काळजी मात्र राहिली. घरून येणारे फोन, वाढतं वय, "अजून किती वर्षं?" हा प्रश्न. आता त्यावर बोलता येत होतं, कारण समोर बसलेला मुलगा झोपून आलेला होता. पुढच्या बैठका त्यावरच झाल्या.

पूर्वपरीक्षेच्या दिवसासाठी एवढंच ठरलं: रोजचा एक कप, पेपरच्या तासभर आधी. नेहमीपेक्षा जास्त नाही आणि अजिबात बंदही नाही. दोन पेपरांच्या मधल्या वेळात चहाऐवजी पाणी आणि सोबत आणलेला जेवणाचा डबा.