वडिलांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. कानात मळ असेल का?

आपण लिहिले आहे की वडिलांना बोलणे ऐकू येते, पण शब्द उमगत नाहीत, आणि जोरात बोलले की ‘ओरडता कशाला?’ म्हणून ते चिडतात. हे मळाचे लक्षण वाटत नाही. मळाने वाट बुजली तर सगळेच आवाज मंदावतात आणि मोठ्याने बोलले की शब्द कळतात. ही तक्रार बहुधा आतल्या कानाची आहे. माझ्या वडिलांचीही हीच होती. नागपुरातील एका कापडगिरणीच्या विणाई खात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली.

कानाच्या पडद्याची कंपने तीन इवल्या हाडांमार्फत गोगलगाईच्या शंखासारख्या, द्रवाने भरलेल्या कॉक्लिया नावाच्या नळीत पोहोचतात. तिच्यातील सुमारे १५,००० केसपेशींची (आवाज टिपणाऱ्या, केसाळ टोकांच्या पेशींची) मांडणी अशी असते की तोंडाशी उंच पट्टीचे आवाज टिपले जातात आणि आतल्या टोकाला खर्जातले. वयोमानाची झीज तोंडाकडून सुरू होते. यंत्रांच्या गोंगाटाने मात्र ऐकण्यातला पहिला खड्डा सहसा ४,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४,००० कंपनांच्या) आसपास पडतो, कारण कानाची बाहेरची नळीच ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज वाढवून आत सोडते. माणसाची मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. (नागपुरातील मारबतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीलगत नाचून आलेल्या पोरांचे कान रात्रभर वाजतात, ते हसण्यावारी नेऊ नये.)

‘सात’, ‘हात’ आणि ‘खात’ यांतला ‘आ’ खालच्या पट्टीतला, म्हणून तो वडिलांना नीट ऐकू येतो. ‘स’ बराचसा ४,००० हर्ट्झच्या वरचा, म्हणून तोच गळतो. आवाज चढवला तर मुख्यतः ‘आ’ मोठा होतो. शिवाय हलके आवाज वाढवून देणाऱ्या बाहेरच्या रांगांमधील केसपेशी गेल्या की हलके बोलणे ऐकू येत नाही आणि मोठे एकदम कर्कश वाटते. वडिलांची चिडचिड खोटी नाही.

नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आलेखाची रेघ उंच पट्टीकडे घसरलेली दिसली, तर त्या उतारानुसार बसवलेले श्रवणयंत्र उपयोगी पडते. तोवर समोर बसून सावकाश बोला आणि बोलताना कूलर बंद ठेवा. त्याची घरघर त्यांच्याकडे उरलेले खालचे आवाजही झाकून टाकते. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री वीज गेली की कूलर थांबे, घर शांत होई, तरी बाबांना काही कळत नसे. ते आमचे ओठ वाचत होते, हे कंदील लावल्यावर ध्यानात आले.